गाडीच्या इंजिनात कार्बन साचलाय? टाकीत बाटली ओतण्याआधी हे नक्की वाचा

गाडी घाटात दम टाकते, ॲव्हरेज पडलंय, सकाळी सेल मारला की इंजिन थरथरतं. अशी तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की बऱ्याचदा पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘इंजिनात कार्बन धरलाय, एक बाटली टाका.’ काही शे रुपयांची बाटली डिझेल-पेट्रोलच्या टाकीत ओतली जाते. कुणाची गाडी खरोखर सुधारते, तर कुणाचे पैसे पाण्यात जातात.

असं का होतं, याचं उत्तर सोपं आहे. टाकीत ओतलेलं औषध इंधनासोबतच इंजिनात जातं. त्यामुळे इंधन जिथे पोहोचतं तिथलाच कार्बन ते साफ करू शकतं. जिथे इंधन जातच नाही, तिथला कार्बन दहा बाटल्या ओतल्या तरी जागचा हलत नाही. म्हणून बाटली घेण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात: आपल्या गाडीचं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे आणि कार्बन साचलाय कुठे.

कार्बन येतो कुठून?

पेट्रोल असो वा डिझेल, ते पूर्ण जळालं तर धुराड्यातून मुख्यतः वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. पण इंजिनात प्रत्येक थेंब पूर्ण जळत नाही. अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी आणि चिकट राळ तयार होते. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला जशी काजळी धरते, तसाच हा प्रकार.

दुसरा स्रोत म्हणजे इंजिन ऑइल. इंजिनाच्या खालच्या भागातली ऑइलची वाफ एका नळीने पुन्हा हवेच्या मार्गात सोडलेली असते. ही वाफ गरम व्हॉल्व्हवर बसते आणि भाजून कडक होते. तिसरा स्रोत ईजीआरचा. प्रदूषण कमी व्हावं म्हणून जळालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात घेतला जातो. त्या धुरातली काजळी आणि ऑइलची वाफ एकत्र आली की डांबरासारखा काळा थर तयार होतो. डिझेल गाड्यांत हा थर विशेष दिसतो.

गावाकडच्या गाडीत कार्बन लवकर का धरतो?

- छोट्या फेऱ्या: घर ते शेत, शेत ते डेअरी, डेअरी ते घर. दोन-तीन किलोमीटरात इंजिन नीट गरमच होत नाही. थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं आणि ते पूर्ण जळत नाही.
- धूळ: कच्च्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर चोंदतो. डिझेल इंजिनात हवा कमी पडली की काजळी वाढते.
- उभी गाडी चालू ठेवणे: बाजार समितीच्या किंवा कारखान्याच्या रांगेत तास-तास इंजिन चालू राहतं.
- वरच्या गिअरमध्ये रेटणे: भरलेली पिकअप कमी वेगात चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ओढली की इंजिन ठोका देतं आणि काळा धूर मारतं.
- ऑइल बदलायला उशीर: जुनं, पातळ झालेलं ऑइल जास्त जळतं आणि जास्त वाफ सोडतं.
- इंधनाचा दर्जा: भेसळीचं किंवा पिंपात महिनोन्‌महिने पडून राहिलेलं इंधन.

यातली बहुतेक कारणं फुकटात किंवा थोडक्या खर्चात दूर होतात. ती तशीच ठेवून दर दोन महिन्यांनी बाटली ओतणं म्हणजे गळक्या छताखाली रोज फरशी पुसण्यासारखं आहे.

कार्बन कुठे साचतो आणि बाटली कुठे पोहोचते?

- इंजेक्टरचं तोंड: बाटली पोहोचते. इथेच तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो.
- इनटेक व्हॉल्व्हची मागची बाजू: साध्या एमपीएफआय पेट्रोल गाडीत पोहोचते, कारण पेट्रोलचा फवारा तिथेच पडतो. डिझेल आणि थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पोहोचत नाही.
- पिस्टनचा माथा आणि हेडची आतली बाजू: पोहोचते, पण फरक हळूहळू पडतो आणि तोही चांगल्या दर्जाचं औषध असेल तरच.
- थ्रॉटल बॉडी: पोहोचत नाही. इथून फक्त हवा जाते.
- ईजीआर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड: पोहोचत नाही. खोलूनच साफ करावं लागतं.
- डीपीएफ, म्हणजे बीएस-६ डिझेलच्या धुराड्यातली काजळीची गाळणी: साधं इंजेक्टर क्लीनर तिला साफ करत नाही.

बाटलीत असतं तरी काय?

बाटलीतला बराचसा भाग रॉकेलच्या जातीचं पातळ द्रावण असतं. खरं काम करतं ते त्यात मिसळलेलं ‘डिटर्जंट’. कपड्याच्या साबणाचा कण जसा मळाला धरून पाण्यासोबत वाहून नेतो, तसं या औषधाच्या कणाचं एक टोक कार्बनला चिकटतं आणि दुसरं इंधनात विरघळतं. थर थोडा-थोडा सुटतो, इंधनासोबत जळतो आणि धुरावाटे बाहेर पडतो.

पेट्रोलच्या औषधांत दोन प्रकार जास्त चालतात. पहिला पॉलिइथर अमाइन, बाटलीवर ‘पीईए’ असं लिहिलेलं असतं. हे जास्त उष्णता सहन करतं, त्यामुळे इंजेक्टर आणि व्हॉल्व्हसोबत पिस्टनच्या माथ्यावरही थोडंफार काम करतं. दुसरा पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन, म्हणजे ‘पीआयबीए’. हे इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवतं, पण पिस्टनच्या माथ्यावरचा थर त्याने निघत नाही, उलट जास्त प्रमाणात वापरलं तर तिथे भर पडू शकते. जुना थर काढायचा असेल तर पीईए लिहिलेली बाटली शोधावी.

हे औषध नवीन नाही. अमेरिकेत १९९५ पासून पंपावरच्या प्रत्येक पेट्रोलमध्ये कार्बन रोखणारं डिटर्जंट घालणं सक्तीचं आहे. आपल्याकडेही काही कंपन्यांच्या ‘प्रीमियम’ पेट्रोलमध्ये अशी औषधं असतात. मात्र ‘ऑक्टेन बूस्टर’ वेगळा आणि ‘क्लीनर’ वेगळा. ऑक्टेन वाढवल्याने कार्बन साफ होत नाही.

आपली गाडी कोणत्या प्रकारात मोडते?

१) साधी पेट्रोल गाडी, एमपीएफआय. अल्टो, वॅगनआर, ईको यांसारख्या बहुतेक छोट्या गाड्या यात येतात. टाकीतल्या बाटलीचा सर्वांत जास्त फायदा यांनाच होतो. ५० हजार किलोमीटरच्या पुढे गेलेल्या, छोट्या फेऱ्यांवर चाललेल्या गाडीत पीईए असलेलं औषध एकदा वापरून बघायला हरकत नाही.

२) थेट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल गाडी. ह्युंदाई-कियाचं १.० टी-जीडीआय, स्कोडा-फोक्सवॅगनचं टीएसआय ही यातली इंजिनं. यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, व्हॉल्व्हवर पडतच नाही. बाटलीने इंजेक्टर साफ होतो, पण व्हॉल्व्हवरचा थर तसाच राहतो. तो काढायला मॅनिफोल्ड उतरवावा लागतो.

३) सीएनजी गाडी. इथे बहुतेकांची फसगत होते. गाडी गॅसवर चालत असताना टाकीतलं पेट्रोल वापरलंच जात नाही, मग त्यातलं औषध काम कसं करणार? सकाळी सुरू होताना थोडा वेळ गाडी पेट्रोलवर चालते, तेवढंच. शिवाय टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं, त्याची राळ होते आणि पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात. सीएनजीवाल्याने औषध टाकायचं असेल तर पेट्रोलचं प्रमाण मोजून टाकावं आणि ते पेट्रोल संपेपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवावी. एरवीही आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर गाडी पेट्रोलवर पळवली तर बाटलीची गरजच कमी पडते.

४) कॉमन रेल डिझेल: जीप, पिकअप, एसयूव्ही. यातल्या इंजेक्टरची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात आणि डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने फवारलं जातं. तोंडावर थोडा कार्बन बसला तरी फवारा बिघडतो. डिझेलसाठी बनवलेलं क्लीनर इथे मदत करतं. पण डिझेलमध्ये खरा ढीग साचतो तो ईजीआर आणि मॅनिफोल्डमध्ये, आणि तिथे बाटली पोहोचत नाही. ‘बाटली टाकली तरी धूर तसाच’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

५) बीएस-६ डिझेल. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ आली. या गाळणीत अडकलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. गावातल्या गावात फिरणारी गाडी एवढी तापतच नाही. डीपीएफचा दिवा लागला तर बाटली शोधत बसू नये. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने मोकळ्या रस्त्यावर साधारण १५ ते २० मिनिटं सलग, थांबा न घेता चालवावी. दिव्याकडे दुर्लक्ष केलं की गाडी ताकद कमी करते आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय पर्याय राहत नाही. या गाड्यांत पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचंच इंजिन ऑइल घालावं. चुकीच्या ऑइलची राख गाळणीत कायमची बसते, ती जळत नाही.

आधी हे तपासा: कार्बन की दुसरंच काही?

कार्बनची लक्षणं म्हणजे ॲव्हरेज हळूहळू कमी होणं, पिकअप मंदावणं, गाडी उभी असताना इंजिन थरथरणं, थंडीत उशिरा सुरू होणं आणि चढाला ठोका येणं. पण हीच लक्षणं इतर बिघाडांतही दिसतात. म्हणून बाटलीआधी पुढच्या गोष्टी बघाव्यात.

- एअर फिल्टर काढून उजेडात धरावा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदलावा.
- पेट्रोल गाडीचे प्लग तपासावेत. एकच प्लग काळा किंवा ओला असेल तर दोष त्या सिलिंडरचा आहे. तिथे कॉइल किंवा इंजेक्टर बघावा.
- डिझेल फिल्टर किती किलोमीटरला बदलला ते बघावं. फिल्टरमध्ये पाणी साचलं असेल तर काढावं.
- टर्बोचा होज पाइप फुटलाय किंवा क्लिप ढिली झालीय का ते बघावं. पाइप फाटला की काळा धूर आणि ताकद कमी, अगदी कार्बनसारखंच दिसतं.
- टायरमधली हवा, घासणारे ब्रेक, सरकणारी क्लच प्लेट यांनीही ॲव्हरेज पडतं.
- ‘चेक इंजिन’चा दिवा लागला असेल तर आधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा.

धुराचा रंगही बरंच सांगतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. इंजेक्टर खराब असेल तर इथे बाटलीचा उपयोग होऊ शकतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो गेलाय, बाटलीने काहीही होणार नाही. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ येणं साधी गोष्ट आहे, पण इंजिन गरम झाल्यावरही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावं. अशा वेळी बाटली टाकून गाडी तशीच पळवत राहिलं तर शंभरातलं काम हजारांत जातं.

ई-२० पेट्रोलमुळे ॲव्हरेज पडलं तर?

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेजमध्ये थोडी घट होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे सुमारे ६ ते ७ टक्के घट धरली आहे. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत ती १ ते २ टक्के आहे. ही घट कार्बनची नाही, त्यामुळे बाटलीने भरून निघत नाही.

इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचू शकतं. कार्बन क्लीनर हे पाणी काढत नाही. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी आणि अधूनमधून फिरवावी.

बाटली वापरण्याची योग्य पद्धत

१. गाडीचं पुस्तक उघडून औषध चालतं का ते बघावं. काही कंपन्या ठरावीक औषधालाच मान्यता देतात. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारूनच टाकावं आणि बिल जपून ठेवावं.

२. पेट्रोलची बाटली पेट्रोलमध्ये, डिझेलची डिझेलमध्येच. बीएस-६ डिझेल गाडीत निळ्या झाकणाची वेगळी डीईएफची टाकी असेल तर तिच्यात चुकूनही औषध ओतू नये. तसंच डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर इंजिन सुरूही करू नये.

३. प्रमाण मोजावं. समजा ३०० मिलीची बाटली ६० लिटर इंधनासाठी आहे, म्हणजे लिटरला ५ मिली. टाकीत १० लिटर पेट्रोल असेल तर ५० मिली पुरे. औषधाच्या झाकणाने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने मोजता येतं. जास्त औषध म्हणजे जास्त सफाई नव्हे. जादा औषध इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करू शकतं.

४. टाकी रिझर्व्हच्या जवळ असताना पंपावर आधी औषध ओतावं, मग इंधन भरावं. त्यामुळे ते नीट मिसळतं. सिगारेट-बिडी लांब, आणि औषध हाताला लागलं तर लगेच धुवावं. रंगावर सांडलं तर पुसून पाणी मारावं.

५. त्यानंतर गाडी मोकळ्या रस्त्यावर, इंजिन गरम करून सलग चालवावी. बाटली टाकून गाडी दारात उभी केली तर उपयोग नाही. टाकी बऱ्यापैकी खाली होईपर्यंत नवीन इंधन भरू नये.

६. शक्य असेल तर ऑइल बदलायच्या थोडं आधीची टाकी यासाठी निवडावी. सुटलेली घाण आणि औषधाचा अंश जुन्या ऑइलसोबत निघून जातो.

फार जुन्या, कधीच साफ न केलेल्या टाकीत पहिल्यांदा औषध टाकलं तर तळाचा गाळ सुटून फिल्टर चोंदण्याची शक्यता असते. त्यामुळे जोडीला नवीन फिल्टरची तयारी ठेवावी.

फरक पडला की नाही, हे मोजूनच ठरवा

‘गाडी हलकी वाटतेय’ हा पुरावा नव्हे. बाटली टाकण्याआधी पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. समजा ४२० किलोमीटर झाले आणि २८ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १५. औषधाची टाकी संपल्यावर पुन्हा तसंच मोजावं, तेही शक्यतो त्याच रस्त्यावर आणि तेवढ्याच लोडमध्ये.

महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज १५ वरून १६ झालं तर साधारण ४ लिटर वाचतात. लिटरला १०० रुपये धरले तर महिन्याला ४०० रुपये. एवढ्यात बहुधा बाटलीचा खर्च निघतो. फरकच दिसला नाही तर दुसरी बाटली घेऊ नये. दोष दुसरीकडे आहे, असं समजून गाडी तपासायला द्यावी.

हे घरगुती उपाय टाळा

- डिझेलमध्ये रॉकेल: ‘इंजिन साफ होतं’ हा जुना समज. कॉमन रेल पंपाला डिझेलनेच वंगण मिळतं. रॉकेल पातळ असल्याने पंप आणि इंजेक्टर झिजतात, आणि त्यांचा खर्च बाटलीच्या कितीतरी पट जातो.
- चालू इंजिनाला पाणी पाजणे: एअर पाइपमधून पाणी सोडण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. पाणी दाबलं जात नाही. थोडं जास्त गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पूर्ण इंजिन खोलावं लागतं.
- डांबराच्या गोळ्या: पेट्रोलमध्ये विरघळतात खऱ्या, पण जळताना काजळीच वाढवतात आणि थंडीत खडे होऊन फिल्टर अडवू शकतात.
- थिनर, ॲसिटोन: रबरी नळ्या, सील आणि पंपाचे भाग खराब करतात.
- ईजीआर बंद करणे: पत्रा लावून ईजीआर बंद केल्याने धूर तात्पुरता कमी वाटेल, पण प्रदूषण नियमांचा भंग होतो आणि नव्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागून ताकदही कमी होऊ शकते.

बाटलीने भागलं नाही तर पुढे काय?

*थ्रॉटल बॉडी:* योग्य स्प्रे आणि मऊ कापडाने साफ होते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पट्टी बोटाने जोरात दाबू नये. सफाईनंतर काही गाड्यांना स्कॅनरवर जुळवून घ्यावं लागतं.

*ईजीआर आणि मॅनिफोल्ड:* खोलून, भिजवून, खरवडून साफ करतात. गॅस्केट नवीन लावायला सांगावं.

*इंजेक्टर:* काढून मशीनवर तपासणी होते. चारही इंजेक्टरचा फवारा आणि मोजमाप समोर दाखवायला सांगावं. तालुक्याच्या गावी पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे ही सोय असते. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या ट्रॅक्टरलाही बाटलीपेक्षा नोझलची तपासणी जास्त उपयोगी पडते.

*इंजिन फ्लश:* हे औषध टाकीत नव्हे, तर इंजिन ऑइलमध्ये घालतात. वर्षानुवर्षं ऑइल नीट न बदललेल्या इंजिनात गाळाचा गोळा सुटून ऑइलची जाळी बुजू शकते आणि टर्बो-बेअरिंगला ऑइल मिळत नाही. अशा इंजिनाला फ्लशपेक्षा दोन वेळा लवकर ऑइल बदलणं सुरक्षित.

*मशीनने डिकार्बन:* काही ठिकाणी हायड्रोजन वायू सोडून सफाई करतात. पैसे देण्याआधी कॅमेऱ्याने पिस्टनचा माथा आधी आणि नंतर दाखवायला सांगावं. दाखवायला तयार नसतील तर विचार करावा.

खरेदी करताना

सील, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, उत्पादनाची तारीख आणि किती लिटरला किती मिली हे प्रमाण बाटलीवर असायलाच हवं. ‘एका बाटलीत ॲव्हरेज दुप्पट’ असा दावा दिसला की बाटली खाली ठेवावी. पंपावर न विचारता औषध ओतलं जात असेल तर स्पष्ट नकार द्यावा. इंधनावर शंका असेल तर पेट्रोल पंपावर फिल्टर पेपर चाचणी मागता येते. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यावी. घनता तपासून मागण्याचाही ग्राहकाला हक्क आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नव्या गाडीत टाकावी का? गरज नाही. चांगलं इंधन, वेळेवर फिल्टर आणि ऑइल एवढं पुरे.

किती दिवसांनी टाकावी? दर टाकीला अजिबात नाही. बाटलीवर दिलेलं अंतर पाळावं. साधारण ५ ते १० हजार किलोमीटरला एकदा, तेही गरज दिसली तर.

मोटारसायकलला चालते का? पेट्रोलचं औषध प्रमाणात चालतं. टाकी छोटी असल्याने मिली मोजूनच टाकावं.

एका बाटलीत जुना थर निघतो का? पातळ थर सुटतो. वर्षानुवर्षांचा कडक थर निघेलच असं नाही. दोन टाक्यांनंतरही फरक नसेल तर खोलून सफाई हाच मार्ग.

थोडक्यात

बाटली हे ना निव्वळ थोतांड, ना सगळ्या आजारांवरचं औषध. साध्या पेट्रोल गाडीला ती चांगली लागू पडते, डिझेलला अर्धी, आणि गॅसवर चालणाऱ्या गाडीला जवळजवळ नाहीच. एअर फिल्टर वेळेवर, ऑइल वेळेवर, आठवड्यातून एकदा वीस-तीस किलोमीटरची सलग फेरी आणि चढाला खालचा गिअर, एवढं पाळलं तर इंजिनात कार्बन धरायचं प्रमाण मुळातच कमी होतं. सुगीच्या दिवसांत माल भरलेली गाडी रस्त्यात बंद पडली तर नुकसान गाडीचंच होत नाही, मालाचा भावही जातो. म्हणून हंगामाच्या महिनाभर आधीच गाडी तपासून घ्यावी.